केरसुणी, चोवीस मेंढ्या आणि आप्पा कोळपे

जळाच्या उदरात वास करूनही जो विझत नाही, त्या अग्निनारायणाला प्रथम वंदन. आणि ज्याच्या कृपेवाचून ना यंत्र चालते, ना लेखणी, त्या विघ्नहर्त्याला दुसरे. आज खंडेनवमी. ज्याने त्याने आपापल्या हातातल्या हत्याराला गंध लावण्याचा दिवस. सकाळी मी माझ्या दौतीची, लेखणीची आणि जीर्ण पंचांगाची पूजा केली, आणि नंतर शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन एका केरसुणीची पूजा केली. ती केरसुणी कोणाची आणि तिला हा मान कशामुळे मिळाला, हे सांगावे म्हणून आज हे लिहावयास बसलो आहे.

आमचे शेजारी आप्पा कोळपे हातात केरसुणी घेऊन चालतात. काखोटीला मारलेली नव्हे, खांद्यावर टाकलेली नव्हे. आरतीचे तबक धरावे तशी दोन्ही हातांनी समोर धरलेली. शेडच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी ती आत जाते, मग आप्पा जातात. सवय इतकी जडली आहे की किराणा दुकानात, पोस्टात, एकदा तर एका लग्नाच्या मांडवातही ते तसेच शिरले. वधूच्या मामांनी घाईघाईने त्यांना बाहेर नेऊन विचारले, "आप्पा, हे काय अभद्र?" आप्पा म्हणाले, "अभद्र कसलं? लक्ष्मी हाय. आन् मांडवात ग्यास हाय का न्हाई, कुणी बघितलंय?"

माझी आणि त्यांची पहिली भेटही केरसुणीमुळेच झाली. शिरूरच्या विद्यालयात संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि नित्याचे होमहवन तेवढे नेमाने चालले होते. एके सकाळी मी समिधा घालीत असता फाटकातून आधी केरसुणी आली आणि तिच्यामागून एक उंच, वाळलेला, पांढऱ्या मुंडाशाचा मनुष्य आला. त्याने ती केरसुणी माझ्या होमकुंडाच्या दिशेने हळूच पुढे केली, थांबला, आणि समाधानाने म्हणाला, "दिसतोय की! दिसतोय म्हंजी धोका न्हाई."

मी संतापलो होतो, परंतु मंत्राच्या मध्ये बोलता येत नव्हते. पूर्णाहुती झाल्यावर विचारले, "काय दिसतोय?"

"जाळ. गुरुजी, दिसणाऱ्या जाळाला काय भ्यायचं? न दिसणाऱ्या जाळाला भ्यावं."

चाळीस वर्षे उपनिषदे शिकवून जे वाक्य मला सुचले नसते, ते हा मनुष्य केरसुणी हातात धरून बोलत होता. माझा राग तेथेच ओसरला.

पुढे उलगडा झाला. आप्पा पाण्यापासून हायड्रोजन काढीत. तो वायू पेटला की दिवसाउजेडी त्याची ज्वाला डोळ्यांना दिसत नाही. धूर नाही, काजळी नाही, रंग नाही. नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरते, आणि त्यात हात घातला की हात भाजतो. म्हणून आप्पांनी युक्ती काढली. शेडमध्ये जाताना केरसुणी पुढे धरायची. कोठे गळती होऊन ज्वाला लागली असेल, तर केरसुणीचे टोक पेटते आणि मनुष्य वाचतो. "साहेब लोकं यंत्र वापरत्यात," ते म्हणत. "माझं यंत्र शिंदीचं हाय."

आप्पांचे पूर्वज मेंढपाळ. कासुर्डीच्या माळावर त्यांच्या मेंढ्यांचे वाडे बसत. आप्पा मात्र दौंडच्या रेल्वेत लागले. डब्यांतील दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्या बॅटऱ्या भरण्याच्या खोलीत त्यांची सारी नोकरी गेली. तेथे बॅटरी भरत आली की तिच्यातले पाणी बुडबुडू लागे. एका सहकाऱ्याने तेथे विडी पेटविली आणि बॅटरीचे टोपण उडून छताला लागले. बाकीचे पळाले, आप्पा टोपणाकडे पाहत उभे राहिले. "त्या दिवशी कळलं, गुरुजी. पाण्यात बळ हाय, आन् आपण ते रोज खिडकीतनं सोडून देतोय!"

इतर माणसे निवृत्त झाली की देवळाजवळ घर शोधतात. आप्पांनी कारखान्यांजवळ शोधले. रांजणगावला तेव्हा नवनवे कारखाने उभे राहत होते. त्यांच्या बस सकाळ-संध्याकाळ शिरूरातून कामगारांना नेत-आणीत. तेवढ्यासाठी ते दौंड सोडून आमच्या शेजारी राहावयास आले. मूलबाळ नव्हते. पत्नी हिराबाई रेल्वेच्या क्वार्टरमध्येच वारल्या होत्या. सामान असे काही आणले नव्हते. एक खाट, एक वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, पोलादी पत्र्यांचा ढीग, देवाची फळी आणि तडा गेलेला एक आरसा. फळी त्यांनी शेडमध्येच ठोकली; तिच्यावर बिरोबाचा चांदीचा टाक आणि त्याच्या शेजारी हिराबाईंचा. आरसा दारामागच्या खिळ्याला. त्यात पाहावे तर एका चेहऱ्याचे दोन होत. मी एकदा म्हणालो, "आप्पा, हा फुटका आरसा घरात ठेवू नये." ते म्हणाले, "हिरीचा हाय," आणि विषय तेथेच संपला.

त्यांची इच्छा एकच होती आणि ती ते कोणालाही, अगदी टपालवाल्यालाही, सांगत. डोळे मिटण्याआधी एका खऱ्या कारखान्याची एक खरी भट्टी पाण्यापासून काढलेल्या वायूवर चाललेली पाहायची. शेडमधली काचेची बरणी त्यांना पुरे नव्हती. "बरणीत समदेच करत्यात. शाळेतली पोरं बी करत्यात. भट्टी चालली पायजे."

बरणीची भट्टी करण्याच्या नादात त्यांनी प्रथम एक प्रचंड पिंप केले. त्यात दारांएवढे पत्रे उभे केले. त्याला मी हौसेने 'गजेंद्र' नाव ठेवले. वीज सोडताच गजेंद्र तापला, फूत्कारू लागला, आणि त्याने आतले दाहक पाणी माझ्या पारिजातकावर उडविले. पारिजातक गेला. आप्पा दोन दिवस शेडबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, चुकलं. एक मेंढी फुगवून हत्ती व्हत न्हाई. कळप वाढवावा लागतो."

मग त्यांनी लहान लहान पेट्या केल्या. प्रत्येकीत दोन पत्रे, मध्ये जाड कापडाचा पडदा. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने प्राणवायू. अशा चोवीस पेट्या एकीला एक जोडून उभ्या केल्या, आणि सगळ्यांना पाणी पाजणारी एक सामाईक टाकी वर बसविली. त्या पाण्यात दाहक क्षार मिसळलेला असे, आणि भर घालावयास ऊर्ध्वपातित पाणीच लागे. नळाचे, विहिरीचे, बोअरचे पाणी आप्पा जवळ येऊ देत नसत. माझ्या घरी चहाला आले की आधी तांब्यातले पाणी जिभेवर घोळवून म्हणत, "वहिनी, क्षार वाढला बोअरचा. माणसाला चालंल. मेंढीला न्हाई चालायचा."

चोवीस हा आकडा ऐकून मला संध्येतल्या भगवंताच्या चोवीस नावांचे स्मरण झाले. मी पेट्यांवर खडूने ती नावे घातली. आप्पांनी आपली नावे आधीच ठेवली होती: बाळी, तांबडी, लंगडी, मुकी. दोघांनीही माघार घेतली नाही. म्हणून प्रत्येक पेटीला दोन नावे झाली, आणि सकाळी कुंपणावरून असा संवाद चाले:

"गुरुजी, तुमचा दामोदर आज फुसफुसतोय."

"आणि गोविंद?"

"तांबडी व्हय? लई गुणाची. पन तुमचा तो अधोक्षज... त्याचं नाव बदला बघू. नाव घेता घेता वायू निघून जातो."

वीज गेली की, आणि त्या काळी भारनियमनाने ती रोज जाई, आप्पा सगळ्या पेट्यांवर पोते पांघरीत. "निजल्या," म्हणत. वीज आली की पोते काढून पहिला बुडबुडा येईपर्यंत उभे राहत.

रांजणगावच्या एका कारखान्यात पोलादाच्या पातळ पट्ट्या हायड्रोजनने भरलेल्या भट्टीत तापवून चकचकीत करीत. त्यासाठी वायूची नळकांडी दूरवरून मालमोटारीतून येत. मोटार अडकली की भट्टी थंड. अशीच एकदा ती तीन दिवस थंड पडली असता आप्पा केरसुणीसह व्यवस्थापकांच्या दालनात शिरले. व्यवस्थापक इनामदार साहेब. गृहस्थ करारी, आणि त्यांची मिशी त्याहून करारी. दोन्ही टोके मेण लावून वर वळविलेली.

"साहेब, तुमचा वायू रस्त्यात अडकलाय. माझा तुमच्या नळाजवळ बसून तयार व्हईल."

"आप्पा, त्याला वीज लागते. वीज कोळशाची. मग त्यात शुद्ध काय राहिलं?"

"आज कोळशाची हाय साहेब. उद्या वाऱ्याची यील, उन्हाची यील. पन भांडं आज तयार पायजे. ऊन दारात आल्यावर भांडं घासायला बसायचं का?"

साहेबांनी खूप वेळ मिशीचे टोक पिळले. मग त्यांनी वरच्या कार्यालयाला कळवून एका प्रयोगाची परवानगी आणली. एकच दिवस, एकच लहान भट्टी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जागा, वीज आणि माणूस कारखान्याचा, यंत्र आप्पांचे. यशाची खूण साहेबांनी स्वतः ठरविली. "भट्टीतून निघालेल्या पट्टीत मला माझी मिशी दिसली पाहिजे. केस न् केस. दिसली तर पुढचं बोलू. नाही दिसली तर पुन्हा या दारात यायचं नाही. वरचे दुसऱ्यांदा परवानगी देणार नाहीत."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आप्पा प्रथमच केरसुणीशिवाय माझ्या घरी आले. "गुरुजी, उद्या पूजा तुमी करायची. देवाचं समदं हिरीच करायची. मला हात जोडण्यापल्याड काय येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सोवळे, ताम्हण, पळी-पंचपात्र, सर्व घेऊन निघालो. महागणपतीचे दर्शन घेऊन आम्ही कारखान्यात पोहोचलो. भट्टीवरचा कामगार रामसूरत तिवारी, बिहारकडचा, मोठा श्रद्धाळू. त्याने माझ्या पाया पडून पाट मांडला. आप्पांनी टाकीत शेवटचे पाणी घालण्यासाठी झाकण उघडले, इतक्यात साहेब आल्याची वर्दी आली आणि आप्पा त्यांना आणावयास दाराकडे गेले. मी यथासांग पूजा केली. चोवीस नावांनी चोवीस पेट्यांवर अक्षता वाहिल्या. साहेब आले, त्यांनी नमस्कार केला, त्यांच्याशी बोलता बोलता आप्पांनी झाकण लावले आणि कळ दाबली.

चोवीसही मेंढ्या बुडबुडू लागल्या. तास गेला, दुसरा गेला. वायू नळीतून भट्टीकडे जात होता. वाटेत ओल शोषून घेणाऱ्या निळ्या खड्यांची एक काचेची नळी होती. खडे निळे राहिले म्हणजे वायू कोरडा. आप्पा त्या नळीकडे आणि मी आप्पांकडे पाहत होतो. तिसऱ्या तासाला खडे गुलाबी झाले.

पाठोपाठ टाकीच्या वरच्या नळीतून काहीतरी पांढरे डोकावले. आधी बोटभर, मग हातभर, मग घागरभर फेस बाहेर पडून पेट्यांवरून ओघळू लागला. केशव बुडाला, नारायण बुडाला, माधवावर फेसाची टोपी चढली. रामसूरत ओरडला, "अरे आप्पा! ये तो धोबीघाट हो गया!"

आप्पांनी वीज तोडली. भट्टीतून निघालेल्या पट्टीवर ढगासारखे डाग होते. साहेबांनी ती उजेडात धरली, तिरकी केली, मिशीजवळ नेली, आणि खाली ठेवली.

आप्पांनी टाकीचे झाकण उघडले. हातमोजा घालून, चिमट्याने आतून काहीतरी उचलले, क्षणभर पाहिले आणि फडक्यात गुंडाळून खिशात घातले.

"काय आहे?" साहेबांनी विचारले.

"काय न्हाई साहेब. माझी चूक. काल टाकी साबणानं धुतली, विसळायची राहिली."

"आप्पा, ज्याला टाकी धुता येत नाही, त्याला मी भट्टीजवळ कसा उभा करू?"

"व्हय साहेब," आप्पा म्हणाले.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना माझी लेखणी जड होते. परतीच्या वाटेवर, कंपनीच्या बसमध्ये, मी आप्पांना शुचितेवर प्रवचन दिले. रांजणगावपासून शिरूरपर्यंत. शौच म्हणजे काय, बाह्य आणि आभ्यंतर शुद्धी कशास म्हणतात, पात्रशुद्धीवाचून केलेले कर्म निष्फळ कसे होते, हे सर्व मी उदाहरणांसह सांगितले. "एवढ्या वर्षांची तपश्चर्या, आप्पा, एका साबणाच्या हलगर्जीपणाने!" आजूबाजूचे कामगार माना डोलावीत होते. आप्पा मांडीवर केरसुणी आडवी घेऊन ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "व्हय गुरुजी. चुकलंच."

त्यानंतर काही महिने शेडमधून आवाज आला नाही. मेंढ्या पोत्याखाली निजलेल्या राहिल्या. आप्पा अंगणात खाटेवर बसून सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्या कारखान्याच्या बस पाहत.

खंडेनवमी आली. त्या सकाळी ते कुंपणापाशी आले. "गुरुजी, हत्यारांची पूजा तेवढी करून द्याल का?"

मी पंचपात्रात पंचामृत घेऊन गेलो. आप्पांनी पोते काढले होते, पेट्या पुसल्या होत्या, टाकीचे झाकण उघडून ठेवले होते. गंध-अक्षता झाल्यावर मी पंचामृताची पळी उचलली आणि टाकीच्या तोंडाकडे नेली. आमच्याकडे रीतच आहे. नवी विहीर लागली, नवी बोअर घेतली, की पहिल्या पाण्यात पंचामृत सोडायचे.

इतक्यात पळीखाली अलगद एक ताटली आली.

"गुरुजी, ह्यात सोडा," आप्पा हळूच म्हणाले. "तिला आज उपास हाय."

पळी माझ्या हातात तशीच राहिली. मला रांजणगावचा दिवस आठवला. उघडे झाकण आठवले. रिकामे झालेले पंचपात्र आठवले, कारण त्या दिवशी मी पळीभर नव्हे, कार्य मोठे म्हणून, पात्रच्या पात्र टाकीत ओतले होते. दूध, दही, मध, साखर, तूप. आणि टाकीत दाहक क्षार. तूप आणि क्षार एकत्र आले की काय होते, हे साबण करणाऱ्याला ठाऊक असते, शास्त्र्याला नसते.

माझी दृष्टी देवाच्या फळीवर गेली. हिराबाईंच्या टाकापुढे औषधाची एक लहान बाटली होती. तिच्यात एक तुळशीचे पान होते, क्षाराने काळे-पिवळे पडलेले. पंचामृतावर मीच ठेवलेले.

मी पाटावर बसलो. "आप्पा, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"झाकण उघडल्या उघडल्या. तुळस तरंगत व्हती. परसादाचं पान, टाकून कसं देयाचं? आणलं घरी."

"मग सांगितलं का नाही? तुमच्या जन्माची इच्छा होती ती! आणि वर मी तुम्हाला बसमध्ये..."

"ते लई चांगलं सांगितलं तुमी. आभ्यंतर का काय ते ध्यानात न्हाई राहिलं, पन चांगलं व्हतं." आप्पा हसले. मग हसणे थांबले. "साहेबाला सांगितलं असतं तर साहेब हसलं असतं, मग रामसूरत, मग समदा कारखाना. शास्त्रीबुवांनी यंत्रात दही घातलं, म्हणून शिरूरभर झालं असतं. मग तुमी परत माझ्या दारात पळी-पंचपात्र घेऊन आला असता का? हिरी गेल्यापासनं ह्या फळीपुढं मंतर म्हणणारं एक तुमीच. भट्टी काय, मिळंल न्हाईतर न्हाई मिळायची."

मी पूजा अर्धी सोडू शकत नव्हतो. ती पुरी केली, आरती केली, घरी येऊन सोवळे बदलले आणि रांजणगावची बस धरली.

फाटकावरच्या वहीत 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'क्षमायाचना' असे लिहिले. पहारेकऱ्याने विचारले, "हा कुठला डिपार्टमेंट?" मी म्हणालो, "साहेबांचा."

इनामदार साहेबांपुढे मी सारे सांगितले. पंचामृतातले घटक प्रमाणासह सांगितले. साहेब इतके हसले की मिशीचे डावे टोक खाली आले. मग डोळे पुसत सरळ बसले.

"म्हणजे म्हातारा खोटं बोलला?"

"माझी लाज राखण्यासाठी."

त्यांनी टोक पुन्हा वर वळविले, पण ते राहीना. "शास्त्रीबुवा, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणारे मला रोज भेटतात. दुसऱ्याची आपल्या अंगावर घेणारा आज पहिल्यांदा ऐकला. असा माणूस भट्टीजवळ हवाच. परवानगीचं मी वर बोलतो. काय कारण सांगू तेवढं मात्र सुचवा."

मी म्हणालो, "सत्य सांगा. माझे नाव घेतले तरी चालेल."

दुसरा प्रयोग दिवाळीनंतर झाला. साहेबांची अट होती, "पूजा अवश्य करा, पण झाकणाला कुलूप लावल्यावर." कुलूप लागले, किल्ली रामसूरतने आपल्या जानव्याला बांधली आणि मी जवळ गेलो की तो दोन्ही हातांनी ती झाकून धरी. "पंडितजी, प्रणाम. दूरसे." कारखानाभर कथा पसरलीच होती. मी भट्टीकडे जाताना कोणीतरी मागून म्हणाले, "दही आणलंय का हो बुवा?" मीही मागे वळून सांगितले, "आज ताक आणलंय." सारे हसले. आप्पांनी मात्र त्या माणसाकडे केरसुणी उगारली.

कळ दाबली गेली. पहिला तास. तिसरा तास. निळे खडे निळेच. दुपारी वीज किंचित डगमगली तेव्हा आप्पा पेट्यांच्या रांगेजवळ गेले आणि आजारी जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा एकेकीवरून हात फिरवीत गेले. "बाळे, धीर धर. मुके, तू बी." आणि अखेरीस मला ऐकू जाईल असे, "अधोक्षजा, तू बी रे बाबा." एवढ्या दिवसांत ते नाव त्यांनी न अडखळता प्रथमच घेतले.

संध्याकाळी, उजेड असतानाच, भट्टीच्या तोंडाशी आप्पांनी केरसुणी पुढे केली. तेथे काहीही नव्हते, नुसती थरथरणारी हवा. केरसुणीचे टोक एकाएकी लाल झाले आणि पेटले. न दिसणारा जाळ सर्वांना दिसला. आप्पांनी टोक विझविले आणि बाजूला झाले.

रामसूरतने पट्टी बाहेर घेतली, थंड होऊ दिली, फडक्याने धरून साहेबांपुढे केली. साहेब वाकले.

"केस न् केस," साहेब म्हणाले. मग पट्टी आणखी जवळ घेऊन, "पण एक पांढरा दिसतोय."

"साहेब," आप्पा म्हणाले, "तो माझ्या वायूचा दोष न्हाई."

त्या भट्टीपाशी आप्पांचा कळप पुढे चोवीसाचा अठ्ठेचाळीस झाला, आणि मग कारखान्याच्या अभियंत्यांनी त्याची नीट रेखाचित्रे काढली. नव्या पेट्या आप्पांच्या पेट्यांपेक्षा सुबक आहेत. कारखान्याच्या छपरावर उन्हाच्या विजेचे दोन पत्रे बसविले आहेत. सध्या त्यावर एकच पेटी चालते. आप्पांनी तिच्यावर 'मुकी' असे रंगाने लिहिले आहे आणि खाली मी 'वामन' असे लिहिले आहे. दोघांनाही ते योग्य वाटते. वामन पहिल्या पावलाला लहानच होता.

आज सकाळी पूजेला गेलो तेव्हा शेडमधल्या नव्या टाकीला कुलूप होते. आप्पांनी ताटली आधीच मांडून ठेवली होती. जळक्या टोकाच्या केरसुणीला मी गंध लावले. मग देवाच्या फळीकडे वळलो, आणि काही वेगळे वाटले म्हणून थांबलो. तुळशीच्या पानाची बाटली जागेवर होती. हिराबाईंच्या टाकासमोर मात्र त्या पहिल्या पट्टीचा वीतभर तुकडा टेकून उभा होता, घासूनपुसून लखलखीत. दारामागे पाहिले. खिळा रिकामा होता.

"आरसा काढला?" मी विचारले.

आप्पा केरसुणीचे टोक चाचपीत राहिले. "कुंकू लावताना हिरी म्हणायची, धड आरसा आणा. पगाराच्या दिवशी आणतो म्हणायचो. ड्यूटी, ड्यूटी, राहूनच गेलं." मग फळीकडे पाहत म्हणाले, "आता दिसत आसंल तिला नीट."

मी पट्टीत वाकून पाहिले. टाकावरचे हळदकुंकू तीत स्वच्छ उमटले होते. एकाचे दोन झाले नव्हते.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, जलात अग्नी आणि अग्नीत जल पाहणारा तो परमेश्वर तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या स्वयंपाकघरातला जाळ धुरावाचून पेटो, तुमच्या माठातले पाणी गोड राहो, तुमच्या देव्हाऱ्यापुढे मंत्र म्हणणारे कोणीतरी सदैव असो. तुमची चूक पदराखाली झाकणारा एखादा शेजारी तुम्हाला लाभो, आणि ती वेळेवर कबूल करण्याची बुद्धी तुम्हांस व मला मिळो. कल्याणमस्तु.